आत्याचा गुडघा आणि विजेचा मासा

वेंगुर्ल्याला आत्याकडे गेलं की पहिला विषय तिचा गुडघा. उभा जन्म मासळीबाजारात उकिडवं बसून गेला तिचा. आता पडवीच्या तीन पायऱ्या चढतानाही खांबाला धरते. मागे एका दवाखान्यात दहा दिवस तिला ‘करंट’ लावला. तो कशासाठी, त्यानं काय होईल, कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. गुडघा बरा होईल या आशेवर गेलेली आत्या डोळे पुसत परतली. ते माझ्या मनातून जात नाही.

म्हणून या दिवाळीत फिजिओला विचारून टेन्सचं छोटं यंत्र नेलं; कातडीवरून हलकी वीज देऊन दुखणं कमी करायचं. गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. “माका शॉक बसतलो मा गो?”

मुंग्या येतील, म्हटलं. आणि मग कुणीतरी आधीच सांगायला हवं होतं ते सांगितलं. ढोपर आपटलं की आपण चोळतो ना? चोळल्याची जाणीव जाड नसांमधून भरकन जाते, दुखण्याची बारीक नसांमधून. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं, की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि जाड नसांची गर्दी झाली की ते दुखण्यापुरतं बंद होतं. वॉल आणि विल्यम स्वीट यांनी जाड नसा विजेनं जाग्या करायचा प्रयोग आधी स्वतःच्याच चेहऱ्याच्या नसेवर करून पाहिला. १९६७ मध्ये नॉर्मन शीली यांनी पाठीच्या कण्यात बसवायचं उपकरण आणलं. ते कुणाला मानवेल हे आधी ताडून पाहायला कातडीवरून वीज देत, आणि काहींना तेवढ्यानंच आराम पडू लागला. आजचं टेन्स त्यातूनच आलं.

पण खरी गंमत त्याच्याही आधीची. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाच्या रोमन वैद्यानं पाय ठणकणाऱ्यांसाठी लिहून ठेवलंय: ओल्या किनाऱ्यावर जिवंत विजेच्या माशावर पाय ठेवून उभं राहा, गुडघ्यापर्यंत बधिर होईस्तोवर.

आत्याला जराही नवल वाटलं नाही. “रापणीत गावता कधीतरी. हाताक झिणझिण्या येतत.” रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.

झिजलेला गुडघा यानं भरून येत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं. सगळ्यांना गुण येतोच असंही नाही. तिला वीस मिनिटांत उतार पडला, तासभर टिकला. शेजारचे काका लगेच मागायला आले; त्यांना पेसमेकर आहे, त्यामुळे हात जोडून नाही म्हटलं. छातीत ते यंत्र असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या पट्ट्यांना हातही लावू नका, कळकळीनं सांगते.

परवा फोन केला तर आत्यानं उचललाच नाही. भाऊ म्हणाला, पट्ट्या काढल्या आणि गेली किनाऱ्यावर, रापण ओढतायत तिथं, बांगडा कसा आलाय बघायला.