मावशीकडे वेळच वेळ आहे

मावशी आज एक वाक्य सहज बोलून गेली आणि ते काही केल्या मनातून जात नाही. तिचे केस विंचरून देताना मी नेहमीसारखेच म्हणाले, "मावशी, तुझं बरं आहे, प्रार्थनेला हवा तेवढा वेळ मिळतो." ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वेळ आहे गं, प्रार्थना होत नाही. घरात लहान पोरं आणि बाहेर नोकरी होती ना, तेव्हा व्हायची. आता 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला घेते आणि त्यातल्या रोजच्या भाकरीच्या ओळीपर्यंत येईतो मन कुठच्या कुठे गेलेलं असतं." तेवढ्यात ताई औषधे घेऊन आली आणि विषय तिथेच राहिला. मला तिला आणखी काही विचारायचे होते, पण काय विचारायचे होते ते आताही नेमके सांगता येणार नाही.

मला मावशीचा हेवा वाटत आला आहे. तिच्या दुखण्याचा हेवा कुणाला वाटेल? पण तिच्या रिकाम्या दुपारींचा, शांत खोलीचा, हाताशी ठेवलेल्या जाड अक्षरांच्या बायबलचा आणि दारावर कुणी थाप मारून "माझी वही कुठे आहे?" असे न विचारण्याचा वाटतो. मुलांची शिक्षणे होतील, नोकरी संपेल, घरातली आजारपणे मार्गी लागतील आणि मग एक सकाळ अशी येईल की त्या सकाळी मी प्रभूच्या पायांशी घड्याळाकडे न पाहता बसेन, या आशेवर मी इतकी वर्षे दिवस काढते आहे. ती आशा मावशीच्या खोलीत मूर्त दिसायची. आज मावशीनेच ती माझ्या हातातून काढून घेतली, आणि तिला त्याची कल्पनाही नाही.

या आठवड्यात तर दिवस असा उगवतच नाही की ज्याचा एखादा तुकडा माझा असेल. पहाटेचा डब्यांचा, मग धाकट्याच्या अभ्यासाचा, मग ऑफिसात महिनाअखेरीच्या हिशेबांचा, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की प्रार्थनेचे दुसरे वाक्य सुरू होण्याआधी झोप. मोबाइलवर मी रॉबर्ट मरी मॅकचेन यांची वाचनयोजना लावून ठेवली आहे. या स्कॉटिश पाळकाने ती 1842 साली आपल्या मंडळीसाठी तयार केली आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या 29 व्या वर्षी तो वारला. रोजचे साधारण चार अध्याय, दोन कुटुंबाच्या उपासनेसाठी आणि दोन एकांतासाठी, म्हणजे वर्षभरात जुना करार एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. योजना उत्तम आहे आणि मला ती मनापासून प्रिय आहे. पण राहून गेलेले अध्याय पडद्यावर लाल अक्षरांत साचत जातात आणि कर्जाच्या थकलेल्या हप्त्यांसारखे रोज समोर उभे राहतात, तेव्हा मला रडू येते. देवाच्या वचनाकडे पाहून कुणाला असे रडू यावे का? या घरात माझ्या थकव्याची नोंद कुणी ठेवत नाही, निदान देवाने तरी ठेवावी, असे काल रात्री मी त्याला म्हणालेही.

त्यातच गेल्या रविवारी उपदेश मार्था आणि मरीयेवर झाला. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, प्रभू घरी आल्यावर मार्था कामात गढलेली असते आणि तिची बहीण मरीया त्याच्या पायांशी ऐकत बसते. तो उतारा ऐकताना मी दर वेळी मार्थेच्या बाजूने बसलेली असते, आणि दर वेळी उपदेशाच्या शेवटी मरीयेसारखे व्हा असे ऐकून घरी परतते. या वेळी मात्र मी घरी येऊन योहानाचे शुभवर्तमान उघडले. त्यात त्यांच्या भावाच्या, लाजराच्या मृत्यूनंतर प्रभूला सामोरी जाते ती मार्था, आणि "तू ख्रिस्त आहेस, देवाचा पुत्र आहेस" असे अकराव्या अध्यायात सांगते तीही मार्थाच. पुढच्या अध्यायात बेथानीला भोजन होते, तेव्हा वाढणारी पुन्हा तीच. म्हणजे प्रभूने तिच्या काळजीबद्दल आणि दगदगीबद्दल तिला सांगितले, पण तिचे काम काढून घेतले नाही, आणि त्या काम करणाऱ्या बाईच्या तोंडून एवढी मोठी साक्ष आली. ही साक्ष तिने कुठल्या एकांतात बसून मिळवली असेल? मला वाटते, घरात वावरता वावरता, कानावर पडेल तेवढे ऐकूनच तिने ती मिळवली असावी. हा माझा तर्क आहे. शास्त्रात तसे लिहिलेले नाही.

पण तरीही मावशीचे वाक्य सुटत नाही. वेळ असूनही प्रार्थना होत नाही, हे कसे?

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या एवाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाचे लेखन मी पूर्वी वाचले होते, ते आज आठवले. सगळे सोडून प्रार्थनेसाठीच वाळवंटात गेलेल्या माणसांना भर दुपारी कोणता मोह गाठतो, ते त्याने लिहून ठेवले आहे. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, दिवस पन्नास तासांचा झाल्यासारखा भासतो, संन्यासी खिडकीकडे पुन्हा पुन्हा पाहतो, कोठडीबाहेर येऊन जेवणाच्या वेळेला किती अवकाश आहे ते सूर्याकडे पाहून मोजतो, आणि कुणी बंधू भेटायला येतो आहे का याची वाट पाहतो. ज्यांनी जगातला सगळा वेळ देवाला देऊन टाकला त्यांची ही अवस्था. पूर्वी वाचताना मला ते दूरचे वाटले होते. आज त्यात मावशी दिसली. भिंतीवरचे घड्याळ पाहणारी, ताई आत येते का म्हणून दाराकडे पाहणारी. आणि मी तिथे जाऊन तिला सांगते की तुझे बरे आहे.

ताई मावशीचे तोंड धुवून देत होती तेवढ्या वेळात मी मावशीचे बायबल चाळले. पुठ्ठा सुटू नये म्हणून पाठीवर पट्टी चिकटवली आहे आणि स्तोत्रांच्या पानांचे खालचे कोपरे अंगठ्याने मळून पिवळट काळे झाले आहेत. आत खुणेसाठी जे हाताला लागले ते ठेवलेले: बसची तिकिटे, मुलांच्या लसीकरणाचे एक कार्ड, विजेच्या बिलाची पावती. पावतीच्या पाठीवर पेन्सिलीने अगदी बारीक अक्षरांत नावे लिहिली आहेत आणि प्रत्येक नावापुढे एखादाच शब्द: ताप, नोकरी, दारू, बाळंतपण. माझेही नाव आहे. त्यापुढे 'परीक्षा' असे लिहिले आहे. म्हणजे मी गणिताला घाबरून रात्र रात्र जागत होते त्या दिवसांत ही बाई बसमध्ये बसून, बिल भरण्याच्या रांगेत उभी राहून, माझे नाव देवापुढे नेत होती. पावती मी होती तशी परत ठेवली. याविषयी मला आज जास्त लिहिता येणार नाही.

प्रभूच्याही वाट्याला मोकळा वेळ कधी आला, हे मी आता शोधते आहे. मार्काच्या पहिल्याच अध्यायात कफर्णहूमला संध्याकाळी सगळे गाव दाराशी लोटते. दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात जाऊन प्रार्थना करतो. इथवर आम्हाला नेहमी शिकवले जाते आणि पहाटे उठा असे सांगितले जाते. त्याच्या पुढचे वचन मात्र क्वचितच कुणी वाचून दाखवते: शिमोन आणि त्याच्या सोबतचे त्याला शोधत तिथे पोचतात आणि सर्व लोक तुमचा शोध करत आहेत असे सांगतात. सहाव्या अध्यायात तर येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे शिष्यांना जेवायलाही सवड होत नाही. म्हणून तो त्यांना विसाव्यासाठी एकांत जागी घेऊन निघतो, आणि लोक पायी धावत त्यांच्या आधी तिथे पोचलेले असतात. त्याला त्यांचा कळवळा येतो. मला त्या जागी कळवळा येत नाही, संताप येतो, हा फरक आहेच. पण त्याची प्रार्थनाही माणसांनी मध्येच तोडली होती, हे वाचून आज मला जो धीर आला तो पहाटे उठण्याच्या एकाही उपदेशाने आजवर आला नव्हता.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1535 साली आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेवर एक छोटे पुस्तक लिहिले, ही गोष्ट मला फार आवडते. एखाद्या विद्वानासाठी न लिहिता त्याने ते दिवसभर उभे राहून दुसऱ्यांच्या दाढ्या करणाऱ्या माणसासाठी लिहिले. सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम प्रार्थना असावे, असे तो त्यात सांगतो. थांब, तासाभराने करीन, आधी हे एक काम उरकते, या विचारापासून सांभाळून राहा, असेही सांगतो, कारण तो विचार माणसाला कामांमागून कामांत ओढत नेतो आणि त्या दिवशीची प्रार्थना राहूनच जाते. वस्तरा हातात असताना न्हाव्याचे डोळे आणि मन केसांवरच असावे लागते. तो बोलत आणि इकडेतिकडे पाहत राहिला तर गिऱ्हाइकाचे नाक कापेल, नाहीतर गळाही. मनाची तशी एकाग्रता प्रार्थनेत असावी, असे त्याचे म्हणणे. हे सांगणारा लूथर स्वतःविषयीही सांगतो की कामांनी आणि इतर विचारांनी मन प्रार्थनेविषयी थंड पडले की तो आपले स्तोत्रांचे छोटे पुस्तक उचलतो, खोलीत जातो आणि दहा आज्ञा, विश्वासांगीकार, काही वचने लहान मुलासारखी शब्दाशब्दाने स्वतःशी म्हणतो. त्याचे मन थंड पडायचे आणि मावशीचे भरकटते, आणि तरीही तो लहान मुलासारखा पुन्हा सुरुवात करायचा.

एवढे लिहून झाल्यावर मला सकाळइतके वाईट वाटत नाही. हेवा मात्र गेलेला नाही. फक्त त्याला आता जागा उरली नाही, कारण ज्या मावशीचा हेवा करायचा ती मावशी माझ्याच दिवसांची आठवण काढून बसली आहे. मला मिळायची ती मोकळी सकाळ कदाचित मिळेलही, आणि त्या सकाळी माझेही मन रोजच्या भाकरीपर्यंत टिकणार नाही, हेही शक्य आहे. तर मग गर्दीचे हे दिवसच माझ्या प्रार्थनेचे दिवस आहेत असे मानून चालावे लागेल. वाचनयोजना मी सोडणार नाही, पण मागचे सगळे लाल अध्याय पुसून आजच्या तारखेपासून पुढे वाचणार आहे, आणि चारांतला एकच झाला तर एक. पूर्वी मला ही पळवाट वाटली असती.

नहेम्या मात्र मला इथे एवढ्यावर सोडत नाही. बायबलमधला हा नहेम्या पारसाच्या, म्हणजे इराणच्या राजाचा प्यालेबरदार, त्याला द्राक्षारस देणारा सेवक होता. राजाने त्याला तुझी काय विनंती आहे असे विचारले तेव्हा उत्तर देण्याआधी त्याने स्वर्गातल्या देवाची प्रार्थना केली, असे दुसऱ्या अध्यायात आहे. राजा समोर, हातात प्याला, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधला तेवढाच अवधी. आम्हा नोकरदारांना ही प्रार्थना फार सोयीची वाटते आणि मीही तिचा आधार पुष्कळदा घेतला आहे. पण पहिला अध्याय किसलेव महिन्यातला आहे आणि दुसरा नीसान महिन्यातला. मधल्या चारेक महिन्यांच्या आरंभी तो बसून रडला आहे, उपास करून रात्रंदिवस प्रार्थना करत राहिला आहे, आणि हे सगळे राजाच्या चाकरीत असताना. त्या एका क्षणाच्या प्रार्थनेमागे ते महिने उभे होते. मावशीच्या पावतीमागेही तसे काही असणार, ते मी तिला विचारायला हवे. तिचे मन जिथे भरकटेल तिथून पुढची ओळ मी म्हणेन, आणि माझे डोळे मिटू लागले तर ती म्हणेल, अशी तिला सवय लावता येते का, ते पाहायचे आहे. त्यासाठी तिच्याजवळ राहायला हवे, आणि ताईला बाहेरगावी जायचे आहेच.

राजाने नहेम्याला विचारले की प्रवासाला किती दिवस लागतील आणि परत कधी येशील, आणि त्याने मुदत ठरवून सांगितली. उद्या साहेबांकडे मला महिनाअखेरीलाच रजा मागायची आहे आणि ते हाच प्रश्न विचारतील. माझी मुदत ताई परत येईपर्यंतची आहे. प्रार्थना करून अर्ज आताच लिहून ठेवते, सकाळी जमणार नाही.