कुडलचा शिलालेख मी दुसऱ्या फेरीत वाचला

जन्मापासून सोलापुरात राहते आणि तरी हत्तरसंग कुडल मी बत्तिसाव्या वर्षापर्यंत बघितलं नव्हतं. भुईकोट किल्ला शाळेच्या सहलीपासून पाठ, सिद्धेश्वराचं तळं तर रोजच्या वाटेवर, नळदुर्गचा पाणीमहाल पावसाळ्यात एकदा तरी व्हायचाच, पण आपल्याच जिल्ह्याच्या टोकाला, चाळीसेक किलोमीटरवर, जिथं सीना येऊन भीमेला मिळते तिथं मराठीतल्या सगळ्यात जुन्या ओळींपैकी एक ओळ दगडावर बसलीय हे माहीत असून मी गेले नव्हते. सोलापूरचे शिलालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो लेख उजेडात आणला. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८. शेवटची ओळ अशी, "वाछि तो विजेया होइवा". जो वाचील तो विजयी होईल. पहिला मराठी शिलालेख हा की अक्षीचा की श्रवणबेळगोळचा, यावर अभ्यासकांत वाद आहे, तो त्यांचा त्यांनी करावा, मला फक्त ती ओळ स्वतःच्या डोळ्यानं अक्षर अक्षर लावून वाचायची होती. पुस्तकातलं वाचून मग दगडाकडं बघून मान हलवायची नव्हती.

पहिल्यांदा गेले ते एप्रिलात आणि तिथंच चुकलं. रविवार होता, विजापूर गाडी पकडली, वडकबाळला सीनेचा पूल ओलांडला, मंद्रूपला उतरले आणि वडाप, म्हणजे माणसं भरून सुटणारी जीप, भरायची वाट बघत बसले. वडाप भरल्याशिवाय हलत नाही हे काय आपल्याला नवीन नाही, पण पोचेपर्यंत बारा वाजले. सोलापूरचं एप्रिलातलं बारा म्हणजे काय ते सांगायला नको. त्या उन्हातून मी सरळ संगमेश्वराच्या मंडपात शिरले आणि दोन-तीन मिनिटं काही म्हणजे काही दिसेना. डोळे सरावले तर खांब, खांबांवरची नक्षी, गाभाऱ्यातली समई. शिलालेख कुठंय?

त्याआधी मी जे लेख बघितले होते ते सगळे उभ्या शिळेवर नाहीतर भिंतीत बसवलेले, वर चंद्र-सूर्य कोरलेले वगैरे. त्यामुळं मी भिंती शोधल्या, खांब शोधले, ओटा शोधला, बाहेरच्या सुट्या दगडांभोवती फिरून आले. अर्धा-पाऊण तास गेला. शेवटी बाहेर नारळ घेऊन बसलेल्या आज्जींना विचारलं. त्या कन्नड बोलणाऱ्या, आमच्या दक्षिण सोलापुरात अर्धी गावं दोन्ही भाषा बोलतात, त्यांनी "बर्री" म्हणून मला आत नेलं आणि बोट वर केलं. तुळईवर! डोक्याच्या वर, आणि मी इतका वेळ खालीच बघत होते.

पण तुळई सापडली म्हणून लेख वाचता येत नाही. काळा दगड, हजार वर्षांचा धूर आणि हात लागून गुळगुळीत झालेला, त्यावर नुसते खड्डे-खड्डे दिसत होते. फ्लॅश मारून तीसेक फोटो काढले, घरी बघितले तर सगळे पांढरे फटक, एकसुद्धा अक्षर उठलेलं नाही.

तरी त्या दिवशीचं एक सांगते, कारण त्यासाठी ती फेरी मला वाया गेली असं अजिबात वाटत नाही. शेजारी हरिहरेश्वराचं देऊळ आहे. हे कित्येक वर्षं मातीच्या ढिगाखाली होतं, उत्खनन करून मोकळं केलं. नावाप्रमाणं हर आणि हरी दोघांसाठी दोन गाभारे, आणि पुढं छत नसलेला गोल स्वर्गमंडप. आणि तिथलं ते बहुमुखी शिवलिंग. ३५९ मुखं आहेत त्यावर, आणि लिंग स्वतः धरून ३६०. एकावर एक ओळी आणि प्रत्येक ओळीत चेहरेच चेहरे. लांबून बघितलं तर नुसतं खडबडीत वाटतं, जवळ जाऊन एकाच चेहऱ्यावर नजर लावली की ओठ दिसतात, मग पापणी, मग शेजारच्याचा चेहरा याच्यासारखा नाही हे कळतं. मी एका कोपऱ्यातल्या पाच चेहऱ्यांपुढं किती वेळ बसले होते मला सांगता येणार नाही. परतीचं वडाप चुकलं आणि दुसऱ्याची वाट बघत लिंबाखाली तास काढला, त्याचं काही वाटलं नाही.

घरी आल्यावर बाबांना फोटो दाखवले. बाबा तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायला होते. त्यांनी मोबाईल हातात घेतला, बघितला आणि म्हणले, "उजेड समोरून मारलास तू. असा कधी दोष दिसतोय होय?" मग आतून एक टॉवेल आणला, ट्यूबखाली सपाट धरला, काही नाही. मग तोच खिडकीजवळ नेऊन आडवा तिरका धरला तर एका जागी धागा सुटलेला होता त्याची सावली लगेच उठली. "उजेड कडेनं यायला पाहिजे, कापडाला घासून गेल्यासारखा. मग खड्डा काळा होतो आणि काठ उजळतो." एवढंच बोलले आणि टॉवेल घडी घालून ठेवून दिला. अभ्यासक लोकसुद्धा झिजलेल्या लेखांना तिरका उजेडच वापरतात हे मी नंतर वाचलं, पण मला ते बाबांनी शिकवलं.

मधले महिने मी अक्षरांना दिले. रात्री जेवण झालं की अर्धा तास, वहीत जुनी नागरी गिरवायची. आपल्याला वाटतं तेवढं अवघड नाही ते, क, त, म, र ओळखीचेच निघतात, पण काही ठिकाणी फसायला होतं. सगळ्यात जास्त फसवते ती पडिमात्रा. जुन्या नागरीत एकाराची मात्रा बऱ्याचदा डोक्यावर देत नाहीत, अक्षराच्या आधी उभी रेघ मारतात, म्हणजे आपण सवयीनं ती रेघ आधीच्या अक्षराचा काना समजून वाचतो आणि सगळा शब्दच बिघडतो. शिरोरेघही आपल्यासारखी सलग नसते, प्रत्येक अक्षराची वेगळी, त्यामुळं शब्द कुठं तुटतो ते आपण लावायचं. आणि शकाचं गणित, शकात ७८ मिळवले की इसवी सन.

ठसा काढायचा विचार मनात आला होता, खोटं कशाला बोलू. ओला कागद दगडावर चिकटवून ब्रशनं ठोकतात, कागद अक्षरांच्या खोबणीत बसला की वरून शाई फिरवतात, अक्षर पांढरं राहतं. पण ते शिकलेल्या माणसानं परवानगी घेऊन करायचं काम आहे, आपण हौसेनं करायचं नाही. तसंच अक्षरात खडू, पीठ, कुंकू भरणंही नको. गावोगावच्या देवळांत वीरगळांना ऑईलपेंट फासलेला मी बघितलाय, त्याखाली काय होतं ते आता कोण सांगणार, फार जीव तुटतो.

दुसऱ्यांदा डिसेंबरात गेले. यावेळी पहाटेची पहिली गाडी, बॅगेत दोन टॉर्च, वही, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. आईला लोकेशन पाठवून ठेवलं होतं, मंद्रूपला उतरून फोन केला, तेवढं केलं की ती निवांत असते. एकटीनं फिरणाऱ्या मुलींना माझं हेच सांगणं, सकाळी लवकर जा आणि शेवटच्या वडापाची वेळ आधी विचारून घ्या, बाकी या भागातली माणसं फार चांगली आहेत. देवळात पूजा चालू होती, ती होईपर्यंत बाहेर थांबले. मग पुजारीकाकांना विचारून टॉर्च काढला.

एकटीनं टॉर्च पण धरायचा आणि वाचायचं पण, हे जमेना. त्या नारळवाल्या आज्जींचा नातू तिथंच घुटमळत होता, पाचवीतला असेल, त्याला म्हणलं धरतोस का. तो एका खांबाच्या कडेला ओट्यावर चढला आणि मी सांगेन तसा उजेड तुळईच्या बाजूनं आडवा टाकायला लागला. थोडं वर, थोडं मागं, अजून खाली, थांब. आणि एकदम खड्डे जाऊन तिथं अक्षरं आली. खरंच एकदम. प्रत्येक खोबणीची एक बाजू काळी, एक उजळ, बाबांनी सांगितलं तशी.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "ताई, त्यो त हाय की!" होताच. "तो" मधला त. त्याच्या मागं गेले तर छि, त्याच्या मागं वा. वाछि तो. मग पुढं. वि सापडला, जे ला मी अडकले, पाच मिनिटं वहीत बघून दगडाकडं, दगडाकडून वहीत. उजेडाची बाजू बदलायला लावली, डावीकडून टाकला तर जी रेघ दिसत नव्हती ती दिसली. विजेया. शेवटच्या होइवापर्यंत पोचले तेव्हा मान आखडली होती आणि डोळ्यात पाणी होतं. वाचि नाही, वाछि, छ आहे तिथं, कुणीतरी त्या दिवशी जसं ऐकलं तसं कोरलं.

पोराला पण वाचायचं होतं, मग टॉर्च मी धरला. आज्जींनी दोघांना दही आणून दिलं आणि भाकरी तिथंच संगमाच्या पायऱ्यांवर खाल्ली, सीनेचं पाणी कुठं संपतं आणि भीमेचं कुठं सुरू होतं ते बघत.

वरच्या ओळींतलं मला सगळं लागलं नाही. पण आकडा लागला, ९४०, आणि त्याच्या पुढचं कालयुक्त संवत्सर लागलं. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. संवत्सरं साठ असतात, शकात १२ मिळवून ६० नं भागायचं आणि जी बाकी राहील तितकावं संवत्सर. ९५२ भागिले ६०, पंधराचा भाग, ९०० गेले. बाकी ५२. पंचांगातली यादी मोबाईलवर उघडली आणि बोट खाली खाली नेलं. बावन्नावं, कालयुक्त.