बर्फातली रानवाट आणि टायरमधील हवा : तिसऱ्या हिवाळ्याच्या नोंदी

यंदाच्या हिवाळ्यात, म्हणजे बर्फातल्या सायकलिंगच्या माझ्या तिसऱ्या हंगामात, मी वहीत अंतर आणि सरासरी वेग लिहिणे बंद केले. त्याऐवजी प्रत्येक फेरीला बाहेरचे तापमान, रानवाटेवरच्या बर्फाची अवस्था आणि दोन्ही टायरमधील हवेचा दाब या तीनच गोष्टी टिपल्या. डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतची ही पाने सलग वाचताना माझे मत पक्के झाले आहे. बर्फात चाक तरते की रुतते, हे पायांतल्या जोरापेक्षा हवेच्या दाबावर अधिक ठरते, आणि हा दाब मी दोन वर्षे चुकीच्या ठिकाणी मोजत होतो.

ही चूक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उघड झाली. घरात, २० अंश सेल्सिअस तापमानात, मी माझ्या फॅट बाइकच्या, म्हणजे खूप रुंद टायरच्या सायकलीच्या, ४.८ इंची टायरमध्ये ६ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे हवेच्या दाबाचे माप) हवा भरली आणि सायकल बाहेर काढली. उणे १० अंशांत तासभर चालवल्यावर मागचे चाक वळणावर डोलू लागले. खाली वाकून पाहिले तर टायरच्या बाजूवर, जमिनीलगत, कापडाच्या चुणीसारख्या दोन ठळक सुरकुत्या पडल्या होत्या. त्यानंतरच्या उतारावर बर्फाखाली दडलेल्या मुळावर रिम, म्हणजे टायर बसवलेले चाकाचे कडे, खणकन आपटली. पंक्चर झाले असावे असे समजून मी बराच वेळ शोधत राहिलो, पण गळती कुठेच नव्हती. दाबमापक लावला तेव्हा काटा ४च्या किंचित खाली होता.

घरी येऊन हिशेब मांडला. दाबमापक वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, म्हणून त्यावरचे ६ पीएसआय म्हणजे वातावरणाचे १४.७ मिळवून प्रत्यक्षात सुमारे २०.७. तापमान २९३ केल्विनवरून २६३ केल्विनवर उतरले की एकूण दाब त्याच प्रमाणात घटून १८.६ होतो, आणि त्यातून वातावरणाचे १४.७ वजा केले की ३.९ उरतात. उन्हाळ्यातल्या २५ पीएसआयच्या टायरला हीच थंडी लागली तर तो सुमारे २१वर येतो, म्हणजे सहावा हिस्सा कमी होतो. फॅट बाइकच्या टायरमध्ये मात्र दाबाचा तिसरा हिस्सा नाहीसा होतो. तेव्हापासून सायकल अर्धा तास बाहेर गार होऊ दिल्याशिवाय मी दाब ठरवत नाही, आणि त्यासाठी शून्य ते १५ पीएसआय दाखवणारा वेगळा मापक खिशात ठेवतो, कारण नेहमीच्या उभ्या पंपावरचा काटा इतक्या खालच्या पातळीवर भरवशाचा नसतो.

नव्याने या छंदाकडे वळणाऱ्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. रुंद टायर केवळ रुंद असल्यामुळे तरंगत नाही. टायर बर्फावर जो दाब टाकतो तो साधारणपणे त्याच्या आतल्या हवेच्या दाबाइतका असतो. रुंदीमुळे रिम न आपटता तो दाब इतका खाली ठेवता येतो, एवढेच. अलास्कात १९८७ मध्ये ‘इडिटाबाइक’ ही बर्फातली शर्यत सुरू झाली, त्या काळातील सायकलस्वारांपुढे हीच अडचण होती, आणि काहींनी तर दोन रिम शेजारी शेजारी जोडून त्यावर दोन टायर बसवण्याचे प्रयोग केले. २००५ मध्ये सर्ली कंपनीची ‘पग्सली’ ही सायकल ३.७ इंची टायरसह बाजारात आली आणि ज्यासाठी घरी वेल्डिंग करावे लागत होते ते दुकानात मिळू लागले. त्या मंडळींच्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता बर्फाविषयी. जानेवारीत एका रात्री वीतभर बर्फ पडला आणि मी उत्साहाने सकाळीच निघालो. ४ पीएसआयवरही चाक रुतत होते, ३वर थोडे तरले, पण मागे खोल चरी उमटत गेली, तेव्हा मी उतरून परत फिरलो. सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा खोल चरी पडत असेल तर त्या दिवशी सायकल चालवू नये, हा संकेत पाळलाच पाहिजे, कारण ती चरी रात्री गोठून दगडासारखी होते आणि पुढचे अनेक दिवस सर्वांची वाट बिघडवते. स्कीसाठी आखलेल्या समांतर खाचांवरून तर कधीच जाऊ नये. त्याच दिवशी दुपारी मी हिमपादुका घालून तीच वाट तुडवून काढली आणि रात्रभर तशीच सोडली. दडपलेले कण एकमेकांना टेकले की त्यांच्या स्पर्शबिंदूंवर बर्फाचे बारीक सांधे धरतात आणि काही तासांत सारा थर आवळून येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेवर ५ पीएसआयवर मी न थांबता पूर्ण फेरी केली, आणि मागे फक्त नक्षीचा ठसा राहिला.

आवाजावरूनही आता बरेच कळते. उणे १० अंशांच्या खाली बर्फ टायरखाली करकरतो आणि पकड उत्तम मिळते. शून्याच्या जवळ तो मुका होतो, चाकाला चिकटतो आणि ब्रेकच्या भोवती साचतो. सूचिपर्णी झाडांखाली थर पातळ असतो, कारण बराच बर्फ फांद्यांवरच अडकतो, पण ऊन वर आले की तोच लादीसारखा वाटेवर कोसळतो. पानगळीच्या झाडीत थर जाड आणि एकसारखा, मात्र त्याखाली ओली पाने असतात.

तंत्रात प्रगती हळू झाली. वळणावर उन्हाळ्याच्या सवयीने सायकल आडवी कलवली की पुढचे चाक निसटते. आता मी सायकल शक्य तितकी उभी ठेवतो, नजर वळणाच्या शेवटाकडे नेतो आणि पुढचा ब्रेक सरळ वाटेवरच दाबतो. चढावर उभे राहिले की मागचे चाक जागीच फिरते, म्हणून बसून, हलक्या गिअरवर, पॅडलचा फेरा गोल ठेवूनच चढतो.

एक बिघाड मात्र मनाला लागला. उणे १८ अंशांत, परतीच्या वाटेवर, पॅडल अचानक रिकामे फिरू लागले. फ्रीहबमधले, म्हणजे पॅडलचा जोर मागच्या चाकाला देणाऱ्या त्याच्या मधल्या भागातले, दातेरी खटके घट्ट झालेल्या ग्रीसमध्ये रुतून आतल्या कड्याला धरतच नव्हते. तासभर सायकल ढकलत आलो. नंतर हब उघडून जाड ग्रीस पुसून काढले, खटक्यांना कमी तापमानासाठीचे पातळ तेल लावले आणि प्रत्येक स्प्रिंग नखाने दाबून ती परत उसळते का, ते पाहिले. त्यानंतर ही तक्रार उद्भवली नाही. थंडीला निघण्याआधी प्रत्येकाने आपला हब एकदा तपासून घ्यावा.

कपड्यांबाबत एवढेच, की सुरुवातीची दहा मिनिटे किंचित थंडी वाजली पाहिजे. नाहीतर घाम येतो आणि थांबल्यावर तोच गारठवतो. हँडलवर चढवलेल्या जाड पिशव्यांमुळे आत पातळ हातमोजे पुरतात.

फेब्रुवारीअखेरीस वाट दुपारी वितळते आणि सकाळी काचेसारखी गोठलेली असते. दाब कमी करून अशा बर्फावर काहीच साधत नाही, म्हणून पुढच्या चाकाला टंगस्टन कार्बाइडच्या खिळ्यांचा टायर चढवला आहे. खिळे नीट बसावेत म्हणून आधी तो टायर डांबरी रस्त्यावर सावकाश चालवत आहे. पहिली गोठलेली सकाळ मिळाली की त्या फेरीची नोंद याच वहीत होईल.