रात्रीचा फोन कोणाकडे?

पीआर (जनसंपर्क) टीमच्या मानसिक आरोग्याचा विषय निघाला की बहुतेक ठिकाणी एखादं वेलनेस सेशन होतं, ध्यानधारणेच्या ॲपची वर्गणी भरली जाते आणि त्याच संध्याकाळी साडेसातला क्लायंटचा मेसेज येतो, 'उद्या सकाळी नऊपर्यंत हवंय.' ध्यानाला आमचा विरोध नाही. पण ताण कामाच्या रचनेतून येत असेल, तर हात रचनेलाच घालावा लागतो.

आणि ही रचना मुळातच अवघड आहे. बातमी घ्यायची की नाही ते पत्रकार ठरवतो, मथळा डेस्कवर ठरतो, ऐन वेळी मोठी घटना घडली तर ठरलेली जागाही जाते. जाब मात्र पिच करणाऱ्याला, म्हणजे पत्रकाराला ती बातमी सुचवणाऱ्या पीआरवाल्याला विचारला जातो. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं होतं की मागणी भरपूर आणि हातात अधिकार कमी, अशी कामं माणसाला सर्वांत जास्त पिळून काढतात. पीआरमध्ये त्यावर आणखी एक ओझं असतं. आतून कितीही हादरलेलं असलं तरी फोनवर आवाज शांतच ठेवावा लागतो.

सुरुवात 'अर्जंट' या शब्दापासून करावी. क्लायंटसोबत बसून तीन पातळ्या लेखी ठरवा. लाल म्हणजे जिवाला धोका, अपघात, किंवा तासाभरात लागणारी नुकसानीची बातमी. उत्तर १५ मिनिटांत. पिवळं म्हणजे आजच्या आज, पण कामाच्या वेळेत. बाकी सगळं उद्या. आता महत्त्वाचा नियम: लाल निरोप फक्त फोन करूनच द्यायचा, मेसेजवर कधीच नाही. लाल गोष्ट एकदा जरी व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, की त्या दिवसापासून सगळी टीम प्रत्येक मेसेज लाल समजून उघडू लागते. दमवतो तो हा पहारा.

थोड्याच दिवसांत क्लायंट सगळंच लाल ठरवू लागतो, हे धरून चाला. म्हणून लाल म्हणणाऱ्याने एक ओळ सांगायची: हे किती वाजेपर्यंत झालं नाही तर नेमकं काय बिघडेल? महिन्याअखेर लाल फोन मोजा. निम्मे पोकळ निघाले तर क्लायंटशी बोलायचं, आणि ते अकाउंट हेडने, म्हणजे त्या क्लायंटचं काम पाहणाऱ्या प्रमुखाने. ज्युनिअरला पुढे करू नका.

दुसरी गोष्ट ड्युटी फोनची. एक स्वतंत्र नंबर, आठवडाभर एकाच माणसाकडे, पाळी संपली की अर्धा दिवस सुट्टी. चारपेक्षा कमी माणसांत ही पाळी फार लवकर परत येते. तिथे क्लायंटकडच्या माणसांनाही पाळीत घ्या. शुक्रवारी चार वाजता पाळी बदलताना फोनसोबत एक पान हातात द्यायचं: कोणता विषय तापलेला आहे, कोणते पत्रकार उत्तराची वाट पाहत आहेत आणि त्यांची डेडलाइन काय, कोणतं निवेदन मंजूर झालंय, कोणता एम्बार्गो (ठरलेल्या वेळेआधी बातमी न छापण्याची अट) कधी सुटतो, कशावर अजिबात बोलायचं नाही.

ही पाळी एका ठिकाणी हमखास मोडते. रात्री दोनला फोन येतो, फोन ड्युटीवरच्याकडे असतो आणि निवेदन मंजूर करणारा झोपलेला असतो. म्हणजे जबाबदारी आली, अधिकार आला नाही. त्यासाठी मंजुरी देणाऱ्यांचीही तशीच पाळी लावा, आणि पाच-सहा संभाव्य प्रसंगांची होल्डिंग स्टेटमेंट्स, म्हणजे पूर्ण माहिती येईपर्यंत द्यायची छोटी निवेदनं, आधीच मंजूर करून ठेवा, म्हणजे कोणालाही न उठवता देता येतील.

क्रायसिस चालू असताना आठ तासांच्या वर शिफ्ट नको, आणि शिफ्ट बदलताना अर्धा तास दोघेही हजर हवेत. सोशल मीडियावरच्या कमेंट वाचणाऱ्याला दोन तासांनी बदला, व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद ठेवा. टीममधल्या एखाद्याला नावाने शिवीगाळ होत असेल तर त्या कमेंट त्याने स्वतः वाचू नयेत; त्या दुसऱ्याने निवडून, स्क्रीनशॉट घेऊन ठेवाव्यात. प्रकरण संपल्यावर सगळ्यांना गोल बसवून एकेकाला भावना सांगायला लावू नका. धक्कादायक घटनेनंतरच्या अशा सक्तीच्या सत्राची शिफारस जागतिक आरोग्य संघटना करत नाही. जेवण, झोप, घरी जायची सोय आणि ज्याला बोलायचं असेल त्याच्यासाठी वेळ, एवढं आधी द्या.

टाइमशीटकडेही आरोग्याचा कागद म्हणून पाहा. रिटेनर (दरमहा ठरलेल्या फीत द्यायचं काम) ४० तासांचा आणि प्रत्यक्ष काम ५८ तासांचं होत असेल, तर ते १८ तास कोणाच्या तरी झोपेतून येतात. सलग दोन महिने असं झालं की काम कमी करा किंवा फी वाढवा. आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के जास्त आढळतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं.

बर्नआउटची तीन लक्षणं रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात दिली आहेत: थकवा, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. आपल्या धंद्यात दुसरं लक्षण नजरेतून सुटतं. पत्रकार, क्लायंट, स्वतःची प्रेस रिलीज, सगळ्यावर तिरकं बोलणारा माणूस 'मुरलेला' वाटतो. मुद्दाम तिकडे लक्ष द्या.

'ठीक ना?' विचारलं की 'हो' हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा, 'या आठवड्यात किती रात्री लॅपटॉप उघडावा लागला? कोणतं काम तुझ्याकडून काढून घेऊ?' आणि मग ते खरंच काढून घ्या. झोप उडणं, कशातच मन न लागणं दोन आठवडे टिकलं तर डॉक्टरांकडे जायला वेळ द्या. जीव नकोसा झाल्याचं कोणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच तातडीची मदत बोलवा. मॅनेजरने समुपदेशक व्हायचं नाही.

रजेवर जाणाऱ्याला क्लायंटच्या ग्रुपमधून खरोखर काढा. म्यूट पुरत नाही. परतल्यावर पहिला अर्धा दिवस एकही मीटिंग नको, आणि मागच्या दिवसांचा सारांश, ज्याने काम सांभाळलं त्याने, दहा ओळींत लिहून द्यावा.