गाडी किती इंच उचलू?

आठवड्यातून एखादा तरी फोन येतोच. बोलणारा बहुतेक पंचविशीतला, नुकतीच जुनी मारुती जिप्सी घेतलेला, आणि प्रश्न ठरलेला: "काका, गाडी किती इंच उचलू?" उचलणं म्हणजे चाकांवरची गाडीची उंची वाढवणं, ज्याला ही मुलं लिफ्ट म्हणतात. दोन की चार, एवढंच त्याला ऐकायचं असतं. फोनवर सांगितलेलं अर्धवट राहतं. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो.

माझी जिप्सी किंग १९९८ सालची. सावंतवाडीजवळच्या एका काजू बागायतदाराकडून घेतली आणि कोल्हापुरात आणली. मारुतीने जिप्सी १९८५च्या डिसेंबरात आणली तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन होतं. १९९६ला १.३ लिटरची किंग आली, २०००मध्ये एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारं इंजिन आलं, आणि २०१९पर्यंत साध्या गिऱ्हाइकासाठी ती बंदही झाली. एवढ्या वर्षांत खालचा सांगाडा मात्र फारसा बदलला नाही. शिडीसारखी चॅसी, पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. म्हणून उद्यमनगरातला कुठलाही जाणता मिस्त्री ती खोलू शकतो. आणि म्हणूनच तिच्यावर कोणीही वाटेल ते प्रयोग करतो.

फोन करणाऱ्या मुलाला मी आधी गाडीखाली झोपायला सांगतो. खरंच, पोतं अंथरून. वर बघितलं की अ‍ॅक्सलवर डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचा, फुगीर गोळा दिसतो. सगळ्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळ तोच. बैलगाडीच्या खोल चाकोरीत गाडी शिरली की मधल्या उंचवट्याला घासतो तोही तोच. आता पाटे चार इंच उंच केले, तर वर काय जाईल? चॅसी जाईल, बॉडी जाईल, तुमची सीट जाईल. अ‍ॅक्सल दोन चाकांना धरून आहे, तो जिथल्या तिथे राहणार. गोळ्याखाली आधी जेवढी जागा होती तेवढीच राहणार. पुढच्या-मागच्या बंपरखाली आणि पोटाखाली जागा वाढते, मोठा टायर मडगार्डला न घासता बसतो, हा फायदा खरा आहे. पण चाकोरीत अडकणारी गाडी नुसत्या लिफ्टने सुटत नाही.

गोळा उचलतो तो फक्त टायर. हिशेब सोपा आहे. कंपनीचा टायर २०५/७० आर १५. रिमचे १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर, त्यात वरची-खालची बाजू मिळवली की टायरची उंची ६६८ भरते. सगळ्यांना हवा असतो तो २३५/७५ घातला तर ७३३. फरक झाला ६५ मिलिमीटरचा, पण अ‍ॅक्सल वर जातो त्याच्या निम्माच, म्हणजे सव्वा इंचाच्या जरा वर. एवढ्यासाठी किंमत काय मोजता तेही बघा. चाक जवळजवळ दहा टक्के मोठं झालं, म्हणजे सगळे गिअर तेवढेच जड झाले. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६च्या आसपास असते. १.३ लिटरच्या कार्ब्युरेटर इंजिनाला हे झेपत नाही. पूर्वी घाट तिसऱ्यात चढणारी गाडी दुसऱ्यात रडायला लागते. माझ्या गाडीला २१५/७५ आहेत. १८ मिलिमीटर मिळाले, इंजिनाची कुरकुर नाही, आणि जुन्या किंगला याच्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. २०११ साली मीही चार इंचांच्याच मागे होतो. जिप्सीचे पाटे मुळात अ‍ॅक्सलच्या खालून जातात. ते काढून अ‍ॅक्सलच्या वर बसवले की गाडी एका दमात पाच इंच उचलली जाते. नवे पाटेही लागत नाहीत, फक्त अ‍ॅक्सलवर नव्या बैठका वेल्ड करायच्या. एका वर्कशॉपने दोन दिवसांत ते काम करून दिलं. गाडी दिसायला अशी देखणी झाली की पेट्रोल पंपावर लोक थांबून फोटो काढायचे.

पंधरा दिवसांनी करूळ घाट उतरत होतो. गगनबावड्याचं धुकं मागे पडलं होतं, पाऊस बारीक होता, रस्ता ओला. एका वळणावर खालून टेम्पो आला, मी ब्रेक दाबला. गाडी थांबायला लागली तसं स्टिअरिंग माझ्या हातात आपोआप फिरलं. मी फिरवलं नव्हतं. चाकं दरीच्या बाजूला वळली आणि मी दोन्ही हातांनी जोर लावून ती परत ओढली. कठड्यापासून डावं चाक हातभर राहिलं असेल. शेजारी माझी मुलगी बसली होती, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिने काही विचारलं नाही, फक्त माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली, ती वैभववाडी येईपर्यंत सोडली नाही.

कारण नंतर समजलं. स्टिअरिंगचा बॉक्स चॅसीला असतो आणि तिथून एक दांडा, ड्रॅग लिंक, खाली चाकाकडे जातो. मूळ उंचीला हा दांडा जवळजवळ आडवा असतो. चॅसी पाच इंच वर गेली की तो तिरका होतो, मग अ‍ॅक्सल जरा जरी वर-खाली झाला तरी चाकाला ढकलतो. त्यातच पाटे अ‍ॅक्सलच्या वर गेल्यामुळे ब्रेक लागताना अ‍ॅक्सलचा पीळ पाट्यांवर जास्त येतो, अख्खा अ‍ॅक्सल थोडा पुढे फिरतो आणि जाता जाता तोच दांडा ओढतो. हे काम करायचं तर स्टिअरिंगची सगळी भूमिती नव्याने मांडावी लागते. त्या वर्कशॉपने तिला हातच लावला नव्हता, आणि विचारायला हवं हे मला कळलं नव्हतं. दोन महिन्यांत सगळं उलटं करून घेतलं. बैठका कापल्या, पाटे परत खाली आले. उचलायला लागले त्याच्या दुप्पट पैसे उतरवायला लागले.

पाटे परत बसवताना एक गोष्ट घडली, आणि आज मी जे सांगतो ते सगळं तिथून आलेलं आहे. ट्रकचे पाटे करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गाडी नेली होती. ते गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "उचलायचं काय घेऊन बसलाय साहेब? गाडी बसलीय तुमची. आधी ती उभी तर करा." मग टेप घेतली आणि हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत मोजलं. ड्रायव्हरची बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा अर्धा इंच खाली होती. पाटे उतरवून जमिनीवर ठेवले तर मुख्य पाटा जवळजवळ सरळ, कमान उरलेलीच नव्हती. पाने सुटी केली तेव्हा मधून गंजाचे पापुद्रे पडले. एका पानाच्या टोकाने खालच्या पानात नखाएवढा खड्डा पाडला होता. मूळ मापाचे नवे पाटे घातले, पानांत ग्राफाइट ग्रीस भरलं, शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे, बुश बदलले. पुन्हा टेप लावली तर गाडी पावणेदोन इंच वर आली होती.

कुठेही काही न वाढवता. एवढी उंची तिने तेरा वर्षांत गमावली होती. फोन करणारी मुलं जे दोन इंच मागतात ते बहुतेकांच्या गाडीत असेच हरवलेले असतात. जुने पाटे ठोकून पुन्हा कमान देतात ते मात्र करू नका. वर्षभरात ते परत बसतात.

पाट्यांच्या आधीही एक काम आहे. छोटा हातोडा घ्या आणि चॅसी वाजवत जा. मागच्या चाकांच्या पुढे-मागे, शॅकल जिथे बसते तिथे, बॉडीच्या रबरांपाशी. चांगला पत्रा ठणठणतो, खाल्लेला थप्प करतो. कोकणातून आलेल्या गाडीत खारी हवा आतून पोखरते, वरून रंग मात्र चकचकीत असतो. माझ्या गाडीची मागची डावी बाजू अशीच निघाली. ते जोडून घेईपर्यंत मी बाकी काही केलं नाही. त्यानंतर ब्रेक. त्यानंतर पुढची चाकं ज्यावर डावी-उजवी वळतात ती किंगपिन बेअरिंगं. ती सैल असली की खड्ड्यातून निघाल्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस टायरला दोष देतो.

आणि ब्रीदर. याबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. अ‍ॅक्सलला हवा घ्यायला एक छोटी तोटी असते. घाट चढून तापलेला अ‍ॅक्सल तुम्ही थंड ओढ्यात घातला की आतली हवा आकसते, आणि तोटी पाण्याखाली असेल तर ती किंवा जुनं सील आत पाणी ओढतं. पहिल्या पावसाळ्यानंतर मी ड्रेन प्लग उघडला तर काळ्या तेलाऐवजी ताकासारखं पांढुरकं काहीतरी वाहायला लागलं. त्या ताकात माझी बेअरिंगं महिनाभर फिरत होती. आता पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या तोट्यांना रबरी नळी लावून ती वर, बॉनेटपर्यंत आणि मागच्या दिव्यापर्यंत नेली आहे. खर्च दोन-तीनशे रुपयांचा. महागड्या लिफ्टने पाण्यात जेवढं मिळत नाही तेवढं या नळीने मिळतं.

एवढं सगळं करूनही कुणाला लांब शॅकल घालून आणखी इंचभर हवा असेल, तर तीन गोष्टी बघा. गिअरपेटीची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या, प्रोपेलर शाफ्टच्या, सरकत्या जोडावर खडूने खूण करा, एक चाक मोठ्या दगडावर चढवा, आणि जोड किती बाहेर आला ते मोजा. चर निम्मेही आत उरले नसतील तर थांबा. त्याच वेळी ब्रेकचा रबरी होज बघा. तो ताणून तारेसारखा झाला असेल तर लांब होज घातल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. तिसरं म्हणजे पुढच्या चाकांचा कास्टर, चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा मागे असलेला कल. जिप्सीची पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते, ती लांब केली की अ‍ॅक्सल पुढे कलतो आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर मारून तो कल काढावा लागतो.

काही जणांकडे जिप्सी नसते, दुसऱ्या पिढीची जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह होंडा सीआर-व्ही असते. त्यांचं गणित वेगळं. तिथे प्रत्येक चाक स्वतंत्र लोंबतं आणि डिफरन्शियल बॉडीला धरून असतो, त्यामुळे स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप यांच्या खांबावर, स्पेसर घातला की गोळाही वर जातो. पण तो जितका वर जाईल तितके अ‍ॅक्सल शाफ्ट तिरके होतात आणि त्यांच्या टोकांच्या वाकत्या जोडांचे, सीव्ही जॉइंटचे, रबरी बूट फाटतात. एकदा चिखल आत गेला की जॉइंट संपला. त्या गाडीला एक इंच पुरे, आणि चांगले टायर. तिला सावकाश आणि जोराने ओढणारा लो गिअर नाही, त्यामुळे दगडांतून ती जिप्सीसारखी रांगणार नाही. तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नका.

कायद्याचं तर बोलावंच लागेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे, उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर असलेल्या तपशिलात तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या जानेवारीत हेच पुन्हा स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा लागू झाली. वेल्डिंग, कापाकापी, इंजिन बदल, यातलं काही मनात असेल तर आधी आरटीओत जाऊन विचारा. विमा कंपनीलाही विचारा. मूळ मापाच्या नव्या पाट्यांसाठी कोणाला विचारावं लागत नाही, हे मला त्यांच्याबद्दल आवडण्याचं आणखी एक कारण.

आणि उचललेली गाडी कुठे न्यायची हेही त्याच फोनवर मी सांगतो, पोराला आवडो न आवडो. सड्यावर नको. कोकणातले जांभ्याचे सडे आणि कासचं पठार उन्हाळ्यात उजाड दिसतं, पण त्या इंचभर मातीत बिया आणि कंद पावसाची वाट बघत पडलेले असतात. चाकाची एक खूण तिथे कित्येक पावसाळे राहते. खेळ करायचा तर मालकाची परवानगी असलेल्या शेतात करा, पडीक खाणीत करा. टायरमधली हवा १५-१६ पीएसआयवर आणा, चाकं फिरवत माती उडवण्यापेक्षा लो गिअरमध्ये सावकाश चाला. डांबर लागलं की हवा भरा आणि लगेच टू-व्हील ड्राइव्हवर, म्हणजे दोनच चाकांच्या जोरावर, या. जिप्सीला पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा मधला डिफरन्शियल नाही, कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळलात तर गिअरपेट्या एकमेकींशी भांडत राहतात.

परवा निपाणीहून एक मुलगा वडिलांची जिप्सी घेऊन आला होता. चार इंचांचं किट ऑनलाइन बघून ठेवलेलं, पैसे भरायचे तेवढे बाकी. आम्ही दोघं पोतं टाकून गाडीखाली झोपलो. टेप त्याच्या हातात दिली. मागची उजवी बाजू पावणेदोन इंच बसलेली निघाली, डावी सव्वा. त्याने वहीत आकडे लिहून घेतले, पुढच्या शनिवारी पाटे बदलले. गेल्या आठवड्यात पुन्हा फोन आला, आता पुढे काय करू म्हणून. पाचशे किलोमीटर झाले असतील तर पाटे जागेवर धरणारे यू-बोल्ट परत आवळून घे, म्हटलं. नवे पाटे दबले की ते सैल होतात.