बोटभर फट

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात बोटभर फट राहिली होती. गोठ्याच्या अँगलला चैनकप्पी, तिला लोंबकळणारा गिअरबॉक्स, खाली पाठीवर मी आणि शेजारी मोबाइलचा उजेड धरून भाचा. मे महिना, सकाळचे दहा वाजलेले. अमळनेरचं ऊन पत्र्यातून खाली उतरायला लागलं होतं.

"मामा, बोल्ट कसा ना, बठी जाई."

गाडी गुरुजींची. १९९८ ची एस्टीम, तीन गिअरची ऑटोमॅटिक. जुना गिअरबॉक्स गरम झाला की पुढे ओढतच नव्हता. तेल काढलं तर काळंकुट्ट, वर जळका वास. चार जणांनी सांगितलं, साधा गिअरबॉक्स टाका, स्वस्तात पडेल. पण गुरुजींचा डावा गुडघा ऑपरेशनचा, क्लच दाबायचा कोणी? कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून गिअरबॉक्स आणला, ट्रॅव्हल्सच्या डिकीतून आला. माझ्या दुकानात चैनकप्पी टांगायला जागा नाही, म्हणून काम घरी. आयुष्य ट्रॅक्टर आणि साध्या गिअरच्या गाड्यांत गेलेलं. ऑटोमॅटिक उतरवला होता एकदाच, बसवला नव्हता कधी. हे गुरुजींना मी सांगितलं नव्हतं.

ॲक्सल काढणं, स्टार्टर, माउंटिंग, गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरचे पाइप हे सगळं आदल्या दिवशी उरकलं होतं. कूलरमधून जळक्या तेलाचा गाळ निघाला, तो पाइप हवेनं साफ केला. नाहीतर जुनी घाण नव्या डब्यात.

तर फट. साध्या गाडीत क्लचप्लेट जरा सरकलेली असली तरी मिस्तरी लोक बोल्टनं ओढून घेतात. चूकच आहे, पण निभावतं. मीही भाच्याचं ऐकलं. दोन बोल्ट आळीपाळीनं कसले. फट अर्धी झाली आणि पाना जड झाला. हाताला कळतं ते, बोल्ट जागेवर बसतानाचा जडपणा वेगळा आणि काहीतरी चेपतानाचा वेगळा. क्रँकच्या पुलीच्या बोल्टला गोटी पाना लावून इंजिन हातानं फिरवून पाहिलं. हलेना. पाना खाली टाकला आणि घाम पुसत ओट्यावर जाऊन बसलो.

ऑटोमॅटिकमध्ये क्लच नसतो, त्याच्या जागी कन्व्हर्टर असतो, तेलानं भरलेला मोठ्या भाकरीएवढा जाड डबा. तो गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवताना एकापाठोपाठ एक तीन ठिकाणी दात जुळावे लागतात. शेवटची खाच तेलपंपाची. ती जुळली नाही तर डबा बाहेर राहतो, आणि बोल्ट कसत गेलं की सगळा दाब पंपावर येतो. पंप फुटला की गिअरबॉक्स भंगारात.

सगळं परत खाली. गिअरबॉक्स जुन्या टायरवर उभा केला, तोंड वर. कन्व्हर्टर दोन्ही हातांनी धरून दाबत, हलकेच फिरवत राहिलो. मिनिटभरात टक्. अजून नाही. आदल्या रात्री तो चढवताना मी एवढ्यावरच खूश झालो असणार. पुन्हा फिरवला, पुन्हा टक्. मग बराच वेळ काहीच नाही. भाचा चहा घेऊन आला तेव्हा डबा एकदम खाली गेला, ठक्, तळहाताला हिसका देऊन. हौसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाच्या, काठावर फूटपट्टी आडवी ठेवली तर कन्व्हर्टर बोटाच्या पेराएवढा आत.

"आते बठनं!"

या वेळी हौसिंग इंजिनाला हातानंच टेकलं. बोल्ट कसायच्या आधी कन्व्हर्टर बोटानं फिरवून पाहिला, मोकळा फिरला.

पंपाचं काय झालंय ते मात्र तेल घातल्याशिवाय कळणार नव्हतं. आधी तीन लिटर लाल तेल ओतलं, मग इंजिन चालू केलं. पंप तेल कन्व्हर्टरमध्ये खेचतो, पातळी खाली जाते, म्हणून इंजिन चालू ठेवूनच पट्टी बघायची आणि थोडं थोडं ओतत राहायचं. जास्त झालं तर फेस. गुरुजी दुपारीच येऊन खाटेवर बसले होते. त्यांच्यासमोर 'आर' टाकला. काहीच नाही. पाच सेकंद, दहा सेकंद. "मिस्तरी?" गुरुजी म्हणाले. मी उत्तर दिलं नाही, उठून अर्धा लिटर आणखी ओतलं. परत 'आर'. गाडी गोणपाटावरून अलगद मागे सरकली.

संध्याकाळी गुरुजींनी मंगळग्रह मंदिरापर्यंत चक्कर मारली. डावा पाय चपलेतून काढून आरामात बाजूला ठेवलेला. रात्री गाडी आमच्याकडेच ठेवून घेतली, खाली पुठ्ठा अंथरून. सकाळी त्यावर रुपयाएवढा लाल ठिपका. कूलरच्या पाइपाची क्लिप ढिली होती.

तेवढी कसली.