गोल केलेली तारीख

"ताई, संप कुणाचा हाय? डाक्टरांचा का सरकारचा?"

ओपीडीच्या जिन्यात शेजारी बसलेल्या आजींनी विचारलं. पहाटेच्या लोकलने कसाऱ्याहून आलेल्या. हातात घड्या पडून पडून फाटायला आलेला केसपेपर, त्यावर आजची तारीख पेनाने दोनदा गोल केलेली.

मी "डॉक्टरांचा" म्हणाले खरी, पण मलाच ते पटलं नाही.

रांग हलत नव्हती. गेटजवळ निवासी डॉक्टर फलक घेऊन बसलेले. त्यातली एक मुलगी उठली, आजींचा केसपेपर वाचला, "गोळ्या बंद करायच्या नाहीत हं आजी," म्हणाली आणि परत जाऊन फलक धरून बसली. डोळे तारवटलेले. (हिची शेवटची झोप कधी झाली असेल?)

डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात 2010 पासून कायदा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. तरी 2017 मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला बेदम मारहाण झाली, राज्यभर डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. सरकारने आधी पगारकपातीचा दम दिला, मग हायकोर्टात 1,100 सुरक्षारक्षकांचं आश्वासन. 2024 च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर निवासी डॉक्टरांची संघटना मार्ड पुन्हा संपावर, मागणी पुन्हा सुरक्षेचीच.

आश्वासन द्यायला संपच का लागतो, हे कुणी सांगेल का?

आजींना पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली. माझं पेन मागून घेतलं, तीही गोल केली. दोनदा.